डिस्कवरील वाचन-लेखनाचा विलंब : मापन, अर्थ आणि उपयोग
(इंदूरमधील शैक्षणिक संस्थांच्या संदर्भात)

प्रस्तावना

परीक्षेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असतो. इंदूरमधील एखाद्या महाविद्यालयाच्या कार्यालयात खिडकीसमोर विद्यार्थ्यांची रांग लागलेली असते. लिपिक नोंदणी क्रमांक टाइप करतो, एंटरची कळ दाबतो आणि थांबतो. पडद्यावर काहीच हलत नाही. रांगेतून आवाज येतो, "सर्वर स्लो चल रहा है." या एका वाक्यावर चर्चा संपते. कुणी संगणक जुना झाला म्हणतो, कुणी इंटरनेटला दोष देतो, कुणी व्हायरसला, तर कुणी खिडकीमागे बसलेल्या लिपिकाला. पुढे नवीन संगणक खरेदीचा प्रस्ताव तयार होतो, तो मंजूर होतो आणि पुढच्या सत्रात त्याच दिवशी तीच रांग पुन्हा उभी राहते.

अशा वेळी संगणकाचा प्रोसेसर पुष्कळदा कामाने थकलेला नसतो. तो रिकामा बसलेला असतो व डिस्ककडून माहिती येण्याची वाट पाहत असतो. या वाट पाहण्यालाच डिस्कवरील वाचन-लेखनाचा विलंब म्हणतात. हा विलंब डोळ्यांना दिसत नाही, परंतु तो मोजता येतो आणि त्यासाठी लागणारी साधने प्रत्येक संगणकात आधीपासूनच, तीही विनामूल्य, उपलब्ध असतात.

इंदूर हे माळव्यातील शिक्षणाचे प्रमुख केंद्र आहे. श्री गोविंदराम सेकसरिया तंत्रशिक्षण संस्था १९५२ पासून, तर विद्यापीठ १९६४ पासून येथे कार्यरत आहे. १९८४ मध्ये प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी झाली व २००५ मध्ये त्यास राजा रामण्णा यांचे नाव देण्यात आले. १९९६ मध्ये भारतीय व्यवस्थापन संस्था आणि २००९ मध्ये भारतीय तंत्रज्ञान संस्था येथे सुरू झाली. राजा रामण्णा केंद्रातील इंडस-२ या १७२.५ मीटर परिघाच्या सिंक्रोट्रॉनसारख्या यंत्रावर प्रयोग चालतात तेव्हा उपकरणांच्या नोंदी सतत साठवाव्या लागतात. अशा ठिकाणी साठवणुकीवर लक्ष ठेवणारे तज्ज्ञ असतात. परंतु शहरातील बहुसंख्य शाळा, महाविद्यालये व ग्रंथालये यांची स्थिती वेगळी आहे. तेथे एका टेबलावर एक सर्व्हर असतो आणि त्याची देखभाल करणारी व्यक्ती दुसरेही एखादे काम सांभाळत असते. सदर लेख प्रामुख्याने अशा संस्था डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. डिस्कचा विलंब का होतो, तो कसा मोजावा, त्या आकड्यांचा अर्थ कसा लावावा आणि त्यावरून कोणता निर्णय घ्यावा, या चार प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

१) डिस्कचे काम आणि वेळेचे प्रमाण

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या तबकड्या वेगाने फिरत असतात आणि त्यांवरून एक सूक्ष्म वाचक-शीर्ष मागेपुढे सरकते. ग्रंथालयातील शिपाई चिठ्ठी घेऊन योग्य कपाटापर्यंत चालत जातो, तसे शीर्षाला आधी योग्य वर्तुळापर्यंत सरकावे लागते. त्यानंतर हवा असलेला भाग फिरत शीर्षाखाली येईपर्यंत थांबावे लागते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांत पूर्ण होते. म्हणजे सरासरी अर्ध्या फेरीइतके, सुमारे ४.१७ मिलिसेकंद, केवळ फिरण्याची वाट पाहण्यात जातात. शीर्ष सरकण्यास लागणारे साधारण ८ मिलिसेकंद त्यात मिळवले, तर एका वाचनास सुमारे १२ मिलिसेकंद लागतात. अशी डिस्क इकडेतिकडे विखुरलेली माहिती सेकंदाला सुमारे ८० वेळा वाचू शकते.

१२ मिलिसेकंद हा माणसाला क्षणाचाही भाग वाटत नाही. प्रोसेसरच्या दृष्टीने मात्र तो फार मोठा काळ आहे. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका म्हणजे एक सेकंद असे मानले, तर मुख्य स्मृतीतून, म्हणजे रॅममधून, माहिती यायला सुमारे ५ मिनिटे लागतील. सॉलिड स्टेट डिस्क, म्हणजेच एसएसडी, उत्तर द्यायला साडेतीन दिवस घेईल. फिरत्या हार्ड डिस्कचे उत्तर यायला मात्र १३ महिन्यांहून अधिक काळ लागेल. यावरून प्रोसेसर कितीही वेगवान घेतला, तरी डिस्क मंद असताना त्याचा उपयोग का होत नाही, हे लक्षात येईल.

याचा अर्थ जुने तंत्र वाईट होते असा नाही. आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये रॅमॅक संगणकासोबत पहिली व्यावसायिक डिस्क आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, क्षमता ५० लाख अक्षरांची होती आणि एखादी नोंद शोधायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. तेथपासून १२ मिलिसेकंदांपर्यंतची प्रगती मोठी आहे. पण त्याच काळात प्रोसेसरचा वेग त्याहून कितीतरी पटींनी वाढला. दोहोंमधील हे अंतर म्हणजेच आजचा विलंब.

आणखी एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. सलग माहिती वाचताना शीर्षाला सारखे सरकावे लागत नाही, म्हणून तीच हार्ड डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइटहून अधिक माहिती देऊ शकते. परंतु विखुरलेले ४ किलोबाइटचे तुकडे वाचायचे असतील, तर सेकंदाला ८० तुकडे म्हणजे जेमतेम ३२० किलोबाइट हाती येतात. वेष्टनावर छापलेला वेग पहिल्या प्रकारचा असतो. कार्यालयातील नोंदी शोधण्याचे काम मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचे असते.

२) रांग आणि गर्दी

डिस्कचा स्वतःचा वेळ हा विलंबाचा एक भाग झाला. दुसरा भाग रांगेचा. इंदूरच्या सराफ्यात रात्री दागिन्यांची दुकाने बंद झाल्यावर खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात. समजा, जिलेबीच्या एका कढईवर प्रत्येक गिऱ्हाइकाला सरासरी एक मिनिट लागते. तासाला ३० गिऱ्हाइके आली, तर दुकानदार निम्मा वेळ रिकामा असतो. तरीही गिऱ्हाइके कशीही, मधूनच एकदम तीन-चार अशी येत असल्याने प्रत्येकाचे सरासरी २ मिनिटे जातात. तासाला ४८ आली, तर ५ मिनिटे जातात. ५४ आली, तर १० मिनिटे आणि ५७ आली, तर २० मिनिटे. ५४ वरून ५७, म्हणजे केवळ तीन गिऱ्हाइके वाढली आणि वाट पाहण्याचा वेळ दुप्पट झाला. दुकानदाराचा हात मात्र पूर्वीइतक्याच वेगाने चालत आहे.

रांगेचे हे गणित डेन्मार्कचे ए. के. एर्लांग यांनी कोपनहेगनच्या दूरध्वनी सेवेचा अभ्यास करताना विकसित केले. त्यांचा या विषयावरील पहिला निबंध १९०९ चा आहे. दूरध्वनीच्या तारा, बँकेची खिडकी आणि संगणकाची डिस्क या सर्वांना तो विचार लागू पडतो. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी कार्यालयाचे काम सुरळीत चालते आणि दुसऱ्या दिवशी थोडेसेच काम वाढताच सारे ठप्प होते, यामागे हेच कारण असू शकते. डिस्क आदल्या दिवशीच काठापर्यंत भरलेली होती, पण ते कुणी मोजले नव्हते.

३) काय मोजावे?

डिस्कच्या निरीक्षणात तीन आकडे महत्त्वाचे असतात.

अ) प्रतिसादाचा वेळ : मागणी पोहोचल्यापासून उत्तर मिळेपर्यंतचा एकूण काळ. यात रांगेतील वेळ आणि प्रत्यक्ष कामाचा वेळ दोन्ही येतात. वापरणाऱ्याला हाच जाणवतो, म्हणून तो सर्वांत महत्त्वाचा आहे.

आ) रांगेची लांबी : एका वेळी सरासरी किती मागण्या डिस्ककडे पडून आहेत.

इ) व्यग्रता : दिलेल्या कालावधीत डिस्ककडे किती टक्के वेळ किमान एक तरी काम होते.

पहिल्या दोहोंना जोडणारा नियम अमेरिकेतील जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला. रांगेची सरासरी लांबी म्हणजे दर सेकंदाला येणाऱ्या मागण्या गुणिले प्रत्येकीला लागणारा सरासरी वेळ. सेकंदाला ६० मागण्या येत असतील आणि रांगेची लांबी ३ असेल, तर प्रत्येक मागणीला ३ भागिले ६०, म्हणजे ५० मिलिसेकंद लागत आहेत. साधनाने दाखवलेले आकडे एकमेकांशी जुळतात की नाही, हे या नियमाने ताडून पाहता येते.

व्यग्रतेच्या आकड्याबाबत सावधगिरी बाळगावी. एका फिरत्या हार्ड डिस्कसाठी तो उपयोगी आहे. परंतु एसएसडी किंवा अनेक डिस्क एकत्र जोडलेली रेड रचना एकाच वेळी पुष्कळ मागण्या हाताळते. तेथे एका कढईऐवजी आठ कढया असतात. एक कढई सतत चालू असली, तरी आकडा १०० टक्के दिसतो, मग उरलेल्या सात थंड का असेनात. म्हणून अशा ठिकाणी व्यग्रतेवरून निष्कर्ष न काढता प्रतिसादाचा वेळच पाहावा.

सर्वसाधारण ठोकताळा असा सांगता येईल. फिरत्या हार्ड डिस्कवर प्रतिसादाचा वेळ १० ते २० मिलिसेकंदांच्या आत असेल, तर स्थिती समाधानकारक समजावी. तो सातत्याने ५० च्या वर राहू लागला, तर कारण शोधावे. एसएसडीवर हा वेळ सामान्यतः एका मिलिसेकंदाच्या आत असतो, म्हणून तेथे १० मिलिसेकंद हासुद्धा लक्ष देण्याजोगा आकडा ठरतो.

४) मोजण्याची साधने

लिनक्स प्रणालीत प्रत्येक डिस्कने किती वाचने-लेखने केली व त्यात किती मिलिसेकंद गेले, याचा हिशेब गाभा स्वतःच ठेवत असतो. ‘आयओस्टॅट’ ही आज्ञा तो हिशेब वाचून दाखवते. तिच्या विस्तृत तक्त्यात वाचनाचा व लेखनाचा प्रतिसादवेळ ‘अवेट’ या नावाखाली वेगवेगळा मिळतो. ही आज्ञा दर पाच सेकंदांनी आकडे देईल अशी चालवावी आणि पहिला तक्ता सोडून द्यावा. तो संगणक सुरू झाल्यापासूनची सरासरी सांगतो, आताची स्थिती नव्हे. कोणता कार्यक्रम डिस्कला गुंतवून ठेवत आहे, हे ‘आयओटॉप’ने कळते.

विंडोज प्रणालीत ‘रिसोर्स मॉनिटर’मधील डिस्क विभागात प्रत्येक फाइलचा प्रतिसादवेळ मिलिसेकंदांत दिसतो. ‘परफॉर्मन्स मॉनिटर’मध्ये मात्र हाच आकडा सेकंदांत असतो. तेथे ०.०२५ दिसले, तर ते २५ मिलिसेकंद होत. या फरकामुळे पुष्कळांची गल्लत होते. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘टास्क मॅनेजर’मध्येही सरासरी प्रतिसादवेळ दिसू लागला.

दोन प्रचलित आकड्यांनी सहसा दिशाभूल होते. पहिला ‘आयओवेट’. प्रोसेसर रिकामा असून डिस्कची वाट पाहत आहे असा काळ तो दाखवतो. पण त्याच वेळी प्रोसेसरला दुसरे एखादे काम दिले, तर तो रिकामा राहत नाही आणि आकडा खाली येतो. डिस्क मात्र तितकीच मंद असते. दुसरा ‘लोड अ‍ॅव्हरेज’. लिनक्समध्ये १९९३ पासून त्यात डिस्कसाठी अडकून पडलेली कामेही मोजली जातात. त्यामुळे हा आकडा वाढला म्हणजे प्रोसेसर कमी पडतो असे समजून नवा प्रोसेसर घेणे चूक ठरू शकते. २०१८ च्या अखेरीस लिनक्सच्या ४.२० या आवृत्तीत ‘प्रेशर स्टॉल’ नावाची सोय आली. कामे किती टक्के वेळ केवळ डिस्कपायी थांबून राहिली, हे ती थेट सांगते आणि या प्रश्नाला ती अधिक योग्य उत्तर देते.

स्मृतीचा प्रभावही लक्षात घ्यावा. एकदा वाचलेली माहिती संगणक रॅममध्ये जपून ठेवतो. म्हणून तीच फाइल दुसऱ्यांदा चटकन उघडते व डिस्क सुधारल्याचा भास होतो. लेखनाचेही तसेच आहे. साधा कार्यक्रम माहिती रॅमवर ठेवून मोकळा होतो आणि डिस्कवरचे लेखन मागाहून घडते. परंतु शुल्काची पावती किंवा परीक्षेची नोंद करणारा डेटाबेस तसे करू शकत नाही. नोंद डिस्कवर खरोखर उतरल्याची खात्री झाल्यावरच तो "झाले" असे कळवतो. म्हणूनच लेखनाचा विलंब सर्वप्रथम पावतीच्या खिडकीवर जाणवतो.

५) सरासरीचा फसवेपणा

समजा, एका सेकंदात १०० मागण्या आल्या. त्यांपैकी ९८ मागण्यांना ५ मिलिसेकंद लागले आणि उरलेल्या दोहोंना प्रत्येकी २ सेकंद. सरासरी निघते सुमारे ४५ मिलिसेकंद. हा आकडा पाहून डिस्क थोडीशी मंद आहे असे वाटेल. प्रत्यक्षात ४५ मिलिसेकंदांचा अनुभव कुणालाच आलेला नाही. बहुतेकांचे काम झटकन झाले आणि दोघे अडकून पडले. एखादा अर्ज उघडायला डिस्कवरून अनेक वाचने करावी लागतात. त्यातील एक जरी अडकले, तरी संपूर्ण अर्ज अडकतो. म्हणून दोनच मागण्या मंद असल्या, तरी रांगेतील कितीतरी विद्यार्थ्यांना त्याची झळ पोहोचते.

यासाठी सरासरीसोबत वितरण पाहावे. किती मागण्या १ मिलिसेकंदाच्या आत झाल्या, किती १० च्या, किती १०० च्या आणि किती त्याहून अधिक, असा तक्ता लिनक्समधील ‘बायोलेटन्सी’सारखी साधने देतात. शंभरांपैकी नव्व्याण्णव मागण्या किती वेळेच्या आत पूर्ण झाल्या, हा एक आकडा नोंदवला तरी पुष्कळ आहे. परीक्षेत वर्गाची सरासरी चांगली आली म्हणून नापास झालेल्या दोघांकडे शिक्षक दुर्लक्ष करीत नाहीत. येथेही तीच दृष्टी हवी.

६) कारणांचा शोध

विलंब आढळल्यावर सर्वप्रथम एकच प्रश्न विचारावा : काम वाढले म्हणून विलंब वाढला, की काम पूर्वीइतकेच असताना विलंब वाढला? या प्रश्नाच्या उत्तरावर पुढील सर्व निर्णय अवलंबून असतात.

काम वाढलेले असेल, तर कोणाचे काम वाढले ते पाहावे. सराफा बाजारात दिवसा एक व्यवहार आणि रात्री दुसरा चालतो, तशी वेळेची वाटणी संगणकावरही करता येते. बॅकअप किंवा व्हायरसची तपासणी दुपारी बाराला सुरू होत असेल, तर ती रात्री दोनला हलवावी. यासाठी काहीही खर्च येत नाही. रॅम अपुरी असेल, तर संगणक डिस्कचाच काही भाग स्मृती म्हणून वापरू लागतो आणि डिस्कवर विनाकारण ताण येतो. अशा वेळी डिस्क न बदलता रॅम वाढवणे पुरेसे ठरते. हे दोन्ही उपाय करूनही रांग उरली, तर मात्र एसएसडी घेणे योग्य होय.

काम तेवढेच असून विलंब वाढला असेल, तर बिघाडाची शक्यता लक्षात घ्यावी. त्याची काही कारणे अनपेक्षित असतात. रेड कंट्रोलरमध्ये एक छोटी बॅटरी असते. तिच्या भरवशावर कंट्रोलर लेखन तात्पुरते स्वतःच्या स्मृतीत घेतो. बॅटरी निकामी झाली की वीज गेल्यास माहिती हरवू नये म्हणून तो प्रत्येक लेखन थेट डिस्कवर करू लागतो आणि लेखनाचा विलंब एका दिवसात कित्येक पटींनी वाढतो. डिस्क निर्दोष असते, दोष बॅटरीचा असतो. विजेचा प्रश्न मध्य प्रदेशाला नवा नाही. २००३ च्या विधानसभा निवडणुकीत ‘बिजली, सडक, पानी’ हेच मुख्य मुद्दे होते. त्या काळापेक्षा परिस्थिती आज बरीच सुधारली आहे, तरी यूपीएस व कंट्रोलर या दोहोंच्या बॅटऱ्यांची तपासणी टाळून चालत नाही.

कंपन हे दुसरे कारण. २००८ च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतील अभियंता ब्रेंडन ग्रेग यांनी चालू डिस्कच्या मांडणीसमोर मोठ्याने ओरडून दाखवले आणि त्याच क्षणी आलेखावर विलंब उसळलेला दिसला. आवाजाच्या कंपनाने शीर्ष जागेवरून ढळते व पुन्हा प्रयत्न करावा लागतो. जनरेटरच्या भिंतीला लागून किंवा खडखडणाऱ्या कूलरशेजारी सर्व्हर ठेवणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

७) विलंब ही पूर्वसूचना

डिस्कचा एखादा भाग खराब होऊ लागला की ती लगेच बंद पडत नाही. ती तो भाग पुन्हा पुन्हा वाचून पाहते. बाहेरून पाहणाऱ्याला केवळ संगणक मधेच काही सेकंद थबकल्यासारखा वाटतो. पुष्कळदा माहिती अखेर मिळते, कोणतीही चूक नोंदली जात नाही आणि सारे ठीक आहे असे समजले जाते. लिनक्समध्ये अशा मागणीसाठी सामान्यतः ३० सेकंदांपर्यंत वाट पाहिली जाते. म्हणजे तक्रारीची नोंद होण्यापूर्वी बराच काळ डिस्क मूकपणे झगडत असते.

डिस्कमधील ‘स्मार्ट’ ही स्वतपासणीची सोय अवश्य पाहावी, पण तिच्यावर विसंबून राहू नये. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये स्मार्टच्या चार प्रमुख निर्देशकांपैकी एकानेही आधी इशारा दिलेला नव्हता. पुढे २०१८ मध्ये शिकागो विद्यापीठाचे हर्यादी गुनावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ संस्थांकडून १०१ घटना गोळा केल्या. त्या सर्व घटनांत यंत्रे बंद न पडता केवळ मंद झाली होती. डिस्कप्रमाणेच एसएसडी, रॅम, प्रोसेसर आणि नेटवर्कची उपकरणेही त्यांत होती. यंत्र चालू आहे म्हणजे ते निरोगी आहे, हा समज या अभ्यासाने खोटा ठरवला.

भाषा व इतिहास यांच्या अभ्यासकांसाठी हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. माळव्यात मराठी, मोडी, फारसी आणि उर्दू अशा अनेक लिप्या-भाषांतील जुने साहित्य आहे. शिळाप्रेसवर छापलेले नस्तालिक अक्षरातील उर्दू ग्रंथ किंवा मोडी दप्तर यंत्राने सहज वाचता येत नाहीत, म्हणून ते चित्ररूपानेच जतन करावे लागतात. ए-४ आकाराचे एक रंगीत पान ६०० बिंदू प्रति इंच या दर्जाने, न आकुंचता साठवले, तर सुमारे १०४ मेगाबाइट जागा घेते. चारशे पानांचा एक ग्रंथ म्हणजे जवळपास ४२ गिगाबाइट. असे पन्नास ग्रंथ एका डिस्कवर उतरवण्यात कित्येक महिन्यांचे श्रम जातात. मूळ कागद आधीच ठिसूळ असतो. काही पाने दुसऱ्यांदा उघडण्याच्या स्थितीतही नसतात. त्या डिस्कने आठवडाभर आधी मंद होऊन दिलेला इशारा कुणी वाचला नाही, तर हानी डिस्कच्या किमतीची होत नाही, त्या पानांची होते.

८) संस्थेसाठी नोंदवहीचा नमुना

काम वाढले की डिस्क बिघडली, या प्रश्नाचे उत्तर आजच्या एका आकड्यावरून देता येत नाही. त्यासाठी कालचा आकडा हाताशी असावा लागतो. म्हणून प्रत्येक संस्थेने सर्व्हरजवळ एक साधी वही ठेवावी आणि पुढीलप्रमाणे नोंदी कराव्यात.

१. आठवड्यातून दोनदा, ठरावीक वेळी, पाच मिनिटांचे मापन करावे. एक वेळ गर्दीची असावी आणि एक निवांत.

२. दर सेकंदाच्या मागण्या, वाचनाचा प्रतिसादवेळ, लेखनाचा प्रतिसादवेळ आणि रांगेची लांबी असे चार आकडे लिहावेत.

३. त्या दिवशी काही विशेष असल्यास, जसे अर्जांची शेवटची तारीख, बॅकअप किंवा वीज जाणे, तेही लिहावे.

४. मागण्या तेवढ्याच असताना प्रतिसादवेळ नेहमीच्या दुप्पट झाला, तर त्याच दिवशी संपूर्ण बॅकअप घ्यावा व तो उघडून पाहावा. कारणाचा शोध त्यानंतर घ्यावा.

५. कोणतीही खरेदी करण्यापूर्वी या वहीतील किमान एका महिन्याची पाने प्रस्तावास जोडावीत.

उदाहरणार्थ, सलग चार आठवड्यांच्या नोंदीत मागण्या सेकंदाला ४० च्या आसपास आहेत आणि वाचनाचा वेळ अनुक्रमे ११, १२, १९ व ३४ मिलिसेकंद आहे असे समजू. येथे काम वाढलेले नाही, म्हणून रॅम किंवा नवा प्रोसेसर घेऊन उपयोग नाही. केबल, कंट्रोलर आणि कंपन तपासून घ्यावे व दोष तेथे नसल्यास डिस्क बदलावी. याउलट मागण्या ४० वरून ७० वर गेल्या असत्या, तर याच आकड्यांचा अर्थ केवळ गर्दी असा झाला असता. आकडे तेच असले, तरी शेजारच्या रकान्यामुळे निर्णय बदलतो.

निष्कर्ष

डिस्कवरील विलंब हा तंत्रज्ञांपुरता विषय नाही. त्याची किंमत शेवटी रांगेत उभा असलेला विद्यार्थी आणि खिडकीमागचा लिपिक मोजतात. त्यातही लिपिकाला तर न केलेल्या चुकीबद्दल बोलणीही खावी लागतात. वरील विवेचनावरून असे दिसते की, डिस्क किती व्यग्र आहे यापेक्षा तिच्यापायी किती वेळ थांबावे लागते हे मोजणे अधिक उपयुक्त आहे. सरासरीसोबत सर्वांत मंद मागण्यांकडेही पाहावे लागते. आणि कोणत्याही आकड्याला अर्थ येतो तो मागील नोंदींमुळे. मर्यादित साधनांच्या संस्थेला या कामासाठी नवीन यंत्राची गरज नाही. आठवड्यातील दहा मिनिटे, एक वही आणि ती नियमाने भरणारी एक व्यक्ती एवढे पुरेसे आहे. अशी वही असेल, तर "सर्वर स्लो चल रहा है" या वाक्यावर चर्चा संपणार नाही. ते का आणि केव्हापासून, हे तारखेनिशी सांगता येईल.